दहाचा पाचवा घात

दीपनगरचा मे. रात्रीचे दोन वाजले
तरी जिन्याचं रेलिंग तापलेलंच.
टॉवरच्या पोटात पाणी असं कोसळत असतं
की भुसावळची मालगाडी
आवाजाशिवाय जाते, नुसती हलताना दिसते.

मी दोरीने बाटली सोडते.
नमुना तीन, परतीचं पाणी, एकेचाळीस अंश.
डीपीडीची चिमूट टाकली की गुलाबी व्हायला हवं.
होत नाही.
एकला तर क्लोरीन सोडलं होतं,
म्हणजे वाटेत कुणीतरी खाल्लं.

कोण, ते मला ठाऊक आहे.
हतनूरच्या पाण्यातून येतात,
केळीबागांतून निथरलेल्या युरियाची
शिदोरी बांधून.
आणि इथे आम्ही काय मांडून ठेवलंय?
ऊब, हवा, हलतं पाणी,
हजारो काळोख्या नळ्या, वारा न लागणाऱ्या.
बाळंतिणीच्या खोलीत याहून जास्त काय असतं?

एक चिकटतो.
चिकटला की लाळ सोडतो, लाळेचं छप्पर करतो,
छपराखाली गोतावळा.
क्लोरीन येतं, वरवरचे मारतं,
दमून निघून जातं.
केसाएवढा थर, पण तिकडे कंट्रोल रूममध्ये
काटा घसरतो आणि फेगडे साहेबांचा फोन:
मॅडम, व्हॅक्यूम पडतंय, तुमचं पाणी काय करतंय?

माझं पाणी!

मागच्या शटडाउनला कंडेन्सर उघडला
तेव्हा आत रांगत गेला तो उखर्डू तायडे.
अंगठ्यावर करडा बुळबुळीत गोळा घेऊन आला,
वास कुजलेल्या केळीच्या खुंटाचा.
"हात लावून पाह्य, बाई.
हे शेवाय नही. हे घर हाये."

आधीची तिघं दगावली म्हणून
आईने त्याला उकिरड्यावर लोळवलं होतं,
नावही तेच ठेवलं:
मोजायला येणाऱ्याने
कचरा समजून पुढे जावं.
तो पुढे गेला.
मोजणीतून निसटलेला हा माणूस
एकतीस वर्षं माझ्या लॅबमध्ये मोजतोय.
स्लाइड ट्यूबलाइटसमोर धरतो,
काडेपेटीतल्या काडीने
एकेक लाल ठिपका टिपतो.

भिंतीवर तक्ता आहे.
दहाचा तिसरा घात: ठीक.
चौथा: लक्ष ठेवा.
पाचवा: तातडीने कळवा.
"घात म्हंजे घातच ना, बाई?"
मी हसले होते.
आज सकाळच्या स्लाइडवर ठिपके
एकमेकांत मिसळले होते, मोजता येईनात.
काडी ठेवून तो म्हणाला, "पाचवा."

तर आता: पीएच आठ पूर्णांक चार,
एवढ्या खारात क्लोरीन झोपाळू होतं.
आधी ॲसिड, थेंबाथेंबाने.
ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह बंद.
मग क्लोरीन, सलग दोन तास.
सोमवारी दुसरं औषध, वेगळ्या जातीचं;
एकाच विषाची त्यांना सवय होते,
जशी आम्हाला या उन्हाची.

मुख्यालयाचं पत्र फाइलला लागलंय:
जिवाणूंची संख्या शून्य ठेवावी.
मी उत्तरात लिहिलंय, साहेब,
शून्यापर्यंत जायला जेवढं क्लोरीन लागेल
त्यात ते मरण्याआधी नळ्या झिजतील.
मर्यादेत ठेवता येतं.
पत्राला उत्तर आलेलं नाही.

पावणेपाच.
बाटलीत रंग चढतो, अगदी फिका,
धुऊन धुऊन उरलेल्या लुगड्यासारखा.
शून्य पूर्णांक तीन.
रजिस्टरमध्ये लिहिते, सही करते,
पेन दोनदा झटकावं लागतं.

इन्क्युबेटरच्या डोक्यावर, उबेला,
उखर्डूची विरजणाची वाटी झाकलेली.
नियमात बसत नाही. मी पाहिलेली नाही.
आत नवी स्लाइड, दोन तासांपूर्वीची,
काचेसारखी कोरी.
"कुणीच नाही," मी म्हणते.

तो चहाच्या ग्लासातून फुंकर घालतो.
"हायेत, बाई.
दिसू नही राह्यले."